हिवाळ्यात बोडीचे पाणी कसे राखावे?

शहापूर, जिल्हा भंडारा.

धान कापून खळ्यावर आले म्हणजे आमचा कास्तकार बोडीकडे पाठ फिरवितो. काठोकाठ भरलेले पाणी पाहून त्याचे मन निश्चिंत होते. परंतु फाल्गुनात गुरे पाण्यावर नेली असता तळाशी चिखल मात्र उरलेला आढळतो. एवढे पाणी गेले कोठे, या प्रश्नाचा विचार याच दिवसांत करणे अगत्याचे आहे.

अतिथंड मुलखांत, वस्तीपासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्यास हिवाळ्यात निराळीच विवंचना असते. तेथे साठविलेले पाणी गोठते व नळ फुटतात. म्हणून ते लोक नळ जमिनीत खोल पुरतात. आमच्याकडे पाणी गोठत नाही, ते नकळत नाहीसे होते. गोठलेले पाणी वसंतात पुन्हा वितळते. आमचे गेलेले पाणी मात्र मृगापर्यंत परत येत नाही.

आमचा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी येथे असंख्य तलाव बांधले. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव हे त्यांच्या कर्तबगारीचे ठळक उदाहरण होय. पाळ मजबूत, जादा पाणी जाण्यास सालंग आणि शेतास पाणी देण्यास तुडूम, अशी ही साधी पण पक्की रचना होती. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली व बहुतेक तलाव सरकारकडे गेले. मालकी बदलली त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु तिच्याबरोबर गावाची देखरेखही सुटली, ही हानी मोठी झाली.

आता हिशेब पाहू. एक एकर पसरलेल्या पाण्याचा एक इंच थर म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. थंडीत उन्हावाऱ्याने दिवसास इंचाचा आठवा भाग उडतो असे धरले, तरी चार महिन्यांत पंधरा इंच, म्हणजे पंधरा लाख लिटर पाणी जाते. चैत्र-वैशाखात दिवसास पाव इंच धरल्यास तेवढेच पाणी दोन महिन्यांत संपते. पाझर व गळती यांची तूट याहून वेगळी.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, पाणी उथळ पसरू देऊ नये. तेवढेच पाणी अर्ध्या जागेत खोल साठविले तर उडणारे पाणीही जवळपास निम्मे होते. म्हणून उन्हाळ्यात गाळ काढताना बोडीच्या एका बाजूस खोल डबरे करावे, म्हणजे शेवटचे पाणी तेथे गोळा होईल. मात्र तळाची चिकण माती फोडून मुरुमापर्यंत खणू नये. तसे केल्यास बोडीची चाळणी होते. निघालेला गाळ बांध्यांत पसरावा.

दुसरी गोष्ट ही की, पिकास द्यावयाचे पाणी थंडीतच द्यावे. हरभऱ्यास योग्य वेळी दिलेले एक पाणी दाणा भरते. तेच पाणी वैशाखापर्यंत राखून ठेवल्यास त्याचा बराच भाग आकाशात जातो. गुरांचा वाटा मात्र आधी बाजूला काढावा व त्यास कोणीही हात लावू नये.

गळतीचा बंदोबस्त कापणी आटोपताच करावा. तुडुमातून पाणी झिरपत असेल तर चिकण माती ठासून ते बंद करावे. पाळीवर उंदीर-खेकड्यांची बिळे शोधून बुजवावी. बेशरम पाण्यात शिरली असेल तर ती मुळासकट उपटावी. काठाशी खुणांची एक काठी रोवून दर आठवड्यास पाण्याची पातळी लिहून ठेवावी. थंडीच्या दिवसांत आठवड्यास एका इंचाहून फार अधिक पाणी उतरत असेल आणि शेतास पाणी दिलेले नसेल, तर पाझर किंवा गळती आहे हे उघड होय.

परंतु सर्वांत मोठी गळती पाळीत नसून आमच्या व्यवहारात आहे. सामायिक बोडीवर एकाने पंप बसवून उन्हाळी धानासाठी रात्रंदिवस पाणी उपसले, तर शेजाऱ्याचा हरभरा वाळतो व सर्वांची गुरे तहानेली राहतात. त्याने न उपसल्यास दुसरा उपसेल, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. म्हणूनच प्रत्येकजण घाई करतो आणि सगळेच बुडतात. यास उपाय एकच. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सर्व हिस्सेदारांनी पाळीवर बसावे, पाणी मोजावे, गुरांसाठी किती व रब्बीस किती हे ठरवावे आणि ते लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या. तुडूम उघडण्याचे काम एकाच विश्वासू माणसाकडे द्यावे.

पूर्वजांनी तलाव बांधले ते फावड्याने खरे, पण टिकविले ते एकमताने. नव्या बोड्या अवश्य खणाव्या. तथापि आहे ते पाणी फाल्गुनापर्यंत राखण्यास खर्च थोडा व निश्चय फार लागतो. यंदा आपल्या पाळीवर एक चक्कर टाकून वाचकांनी आरंभ करावा, एवढीच आमची विनंती आहे.