रंगाआधीचा लाल दाणा

किनारपट्टीवर लोखंड रंगवण्याचे काम कधी संपतच नाही. पाण्याची टाकी, जेट्टीचे खांब, पुलाचे गर्डर, बोटीचा तळ, काहीही घ्या. दोन-तीन पावसाळे गेले की रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि खालचा गंज उघडा पडतो. मग खापर रंगावर फोडले जाते. खोट मात्र बहुतेक वेळा रंग देण्याआधीच्या तयारीत राहिलेली असते.

नव्या पोलादावर निळसर-काळी पपडी असते. तापलेले पोलाद लाटताना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ती बनते. तिला मिल स्केल म्हणतात. ती घट्ट वाटते, पण पुढे तडकते आणि अंगावरचा रंग घेऊन गळते. जुन्या लोखंडाचे दुखणे वेगळे. तारेच्या ब्रशने वरचा गंज निघतो, खळग्यांतला तसाच राहतो. त्यावर उपाय ब्लास्टिंगचा: कॉम्प्रेसरच्या दाबाने, साधारण सात बारच्या आसपास, कठीण दाणे नोझलमधून पृष्ठभागावर मारायचे. या पद्धतीचे पेटंट अमेरिकेच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी 1870 मध्ये घेतले. तेव्हा दाणा होता साध्या वाळूचा.

लोखंडाला टाचे

ब्लास्टिंगने लोखंड साफ होते आणि खडबडीतही होते. गिलावा धरावा म्हणून गवंडी काँक्रीटला टाचे मारतो, तसेच हे. फक्त इथले टाचे मायक्रॉनमध्ये मोजतात. जाड संरक्षक रंगासाठी साधारण 50 ते 75 मायक्रॉन खोली मागितली जाते. ती कमी पडली तर रंग धरत नाही. जास्त झाली तर टोके रंगातून वर येतात आणि तिथूनच गंज सुरू होतो. सफाईच्याही आंतरराष्ट्रीय श्रेणी ठरलेल्या आहेत. मोठ्या कामांत बहुधा ‘एसए अडीच’ मागतात. या श्रेणीत गंज, पपडी आणि जुना रंग निघून जायला हवा. फार तर फिकट डाग चालतात.

वाळू का नको?

वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजे मुक्त स्फटिकी सिलिका. आदळताच तिचा चुरा होतो. त्यातले डोळ्यांना न दिसणारे कण श्वासाबरोबर फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि तिथल्या ऊतींवर व्रण पडत जातात. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही, आणि अशा फुफ्फुसाला क्षयरोगाचाही धोका वाढतो. भारताच्या 1948 च्या कारखाने कायद्याने तो नोंद करणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य आजार ठरवला होता. तुर्कस्तानात जीन्सला जुनाट रूप देण्यासाठी वाळू मारणारे तरुण कामगार या रोगाने दगावले. त्या देशाने 2009 मध्ये ती पद्धत बंद केली.

गार्नेटचे बळ

वाळूला एक पर्याय म्हणजे गार्नेट हे खनिज. ब्लास्टिंगसाठी प्रामुख्याने त्यातले अल्मंडाइन जातीचे, लालसर गार्नेट वापरतात. दागिन्यातला गोमेद याच खनिजकुळातला. अल्मंडाइनमध्येही सिलिका असते, पण ती लोह आणि अॅल्युमिनियमसोबत स्फटिकात बांधलेली. चांगल्या प्रतीच्या मालात मुक्त सिलिका एक टक्क्याच्या आत असते. कठीणपणा क्वार्ट्झच्या बरोबरीचा किंवा किंचित जास्त, पण वजनात मोठा फरक आहे. क्वार्ट्झ पाण्याच्या 2.65 पट जड, तर अल्मंडाइन चौपटीहून थोडे अधिक. त्यामुळे लहान दाणाही जोरदार आघात करतो. तो फुटला तरी धारदार कडा राहतात आणि धूळ कमी उडते. कोरडा ठेवून, चाळून, तोच माल तीन-चार वेळा वापरता येतो. वाळूपेक्षा महाग खरा, पण हिशेब टनाच्या भावावर न करता साफ झालेल्या चौरस मीटरवर करावा.

भारतात हे खनिज प्रामुख्याने तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनारी वाळूत सापडते. पूर्व घाटातल्या खोंडालाइटसारख्या खडकांची झीज होते, नद्या दाणे समुद्रात नेतात आणि लाटा जड दाणे किनाऱ्यावर साठवतात. तिथे इल्मेनाइट, झिरकॉन आणि थोरियमयुक्त मोनाझाइटही असते. चुंबक आणि विद्युतभार वापरून ती वेगळी करतात. आयआरईएल ही सरकारी कंपनी तमिळनाडूतल्या मनवलकुरिची आणि ओडिशातल्या छत्रपूरला हे काम करते. बेकायदा उत्खननाच्या तक्रारींनंतर तमिळनाडू सरकारने 2013 मध्ये खासगी खाणकाम थांबवले. गार्नेट चांगले असले तरी ते कुठून आले हे विचारायलाच हवे.

शिवाय गार्नेट म्हणजे जादू नव्हे. जुन्या रंगात शिसे असले तर धूळ विषारीच होते, म्हणून ब्लास्टरला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे हेल्मेट लागतेच. किनाऱ्यावरचे दाणे नीट धुतलेले नसले तर त्यातला क्षार रंगाखाली जाऊन बसतो. आणि दमट हवेत साफ झालेले लोखंड काही तासांत पुन्हा तांबूस होते. त्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश जास्त असतानाच प्रायमर मारावा. कोकणातल्या पावसाळ्यात हा नियम पाळणे कठीण, म्हणून असे काम कोरड्या दिवसांतच काढावे.

टाकी, शेड किंवा पूल रंगवण्याचे काम देणाऱ्या प्रत्येकाला, ग्रामपंचायतीला, कारखान्याला, गृहनिर्माण संस्थेला, एवढीच विनंती: निविदेत रंगाच्या नावासोबत सफाईची श्रेणी, दाण्याचा प्रकार आणि कामगाराच्या हेल्मेटची अट लिहा. वाळू चालणार नाही, हेही स्पष्ट लिहा.