काळ्या जमिनीच्या भेगा व चोपण

महसुली कागदांत गांवाचे दोन भाग जुन्या काळापासून मानलेले आहेत : काळी व पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ रान आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. आमची सारी हयात हे कागद लिहिण्यांत गेली. परंतु वडील मंडळींनीं काळींत घरें कां बांधलीं नाहींत, असा प्रश्न नोकरींत असेपर्यंत आमच्या मनांत आला नाहीं. पेन्शन घेऊन शेतीकडे वळलों आणि राखणदारासाठीं काळ्या रानांत एक खोली उठविली. दुसऱ्याच उन्हाळ्यांत तिच्या भिंतीस हात जाईल एवढी फट पडली. तेव्हां या मातीचा स्वभाव समजून घेणें भाग पडलें. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतेंच असल्यामुळें वाचून व जाणत्यांस विचारून जें उमजलें, तेंच येथें सांगतों.

कोणत्याहि पदार्थाचा गुण तो कशाचा बनला आहे एवढ्यावरच ठरत नाहीं. त्याचे अणु एकमेकांस कसे बांधले आहेत, यावरहि तो ठरतो. हिरा व शिसपेन्सिलींतील ग्राफाइट हीं दोन्ही निव्वळ कार्बनच. हिऱ्यांत प्रत्येक अणु चोहोंकडून चार अणूंशीं घट्ट जखडलेला असतो. ग्राफाइटांत तो एकाच पातळीवरील तिघांशीं जोडलेला असून, असे थर एकावर एक नुसते टेकलेले असतात. म्हणून ते कागदावर सुटून येतात. क्ष-किरणांच्या साह्यानें अणूंची मांडणी पाहण्याची विद्या १९१२-१३ सालीं निघाली व हिऱ्याची रचना ब्रॅग पितापुत्रांनीं १९१३ मध्यें दाखविली. पुढें तीच विद्या मातीस लागू झाली. अभ्रकाची रचना पॉलिंग यांनीं १९३० सालीं मांडली, आणि काळ्या मातीचा मुख्य घटक जो माँटमोरिलोनाइट, त्याची रचना जर्मनींत हॉफमन, एंडेल व विल्म यांनीं १९३३ सालीं मांडली.

चिकणमाती म्हणजे थरांची चळत होय. एक पापुद्रा सिलिकॉन व प्राणवायूचा, दुसरा ॲल्युमिनियम व प्राणवायूचा. चिनी मातींत आणि कोंकणांतील जांभ्याच्या मातींत जें केओलिनाइट असतें, त्यांत या दोहोंची एकास एक अशी जोडी असते. अशा जोडीच्या एका अंगास हायड्रोजनाचे अणु असतात व ते वरच्या जोडीच्या प्राणवायूस धरून ठेवतात. त्यामुळें मधल्या सांदींत पाणी शिरत नाहीं. अशी माती भिजली म्हणून फारशी फुगत नाहीं व वाळली म्हणून फारशी फाटतहि नाहीं.

काळ्या मातीचें तसें नाहीं. तेथें ॲल्युमिनियमचा पापुद्रा सिलिकॉनच्या दोन पापुद्र्यांमध्यें दाबलेला असतो. दोहों बाजूंस प्राणवायूच, पकड घेणारा हायड्रोजन नाहीं. एवढ्यानें फुगवटा येता असें मात्र नव्हे. शंखजिऱ्याची ठेवण जवळजवळ अशीच आहे, पण तें पाण्यांत फुगत नाहीं, कारण त्याच्या थरांवर विजेचा भार नसतो. अभ्रकांत भार पुष्कळ असतो, परंतु पोटॅशियमचे अणु थरांमध्यें बसून कुलूप घालतात. काळी माती या दोहोंच्या मधली. तिच्यांत कोठें कोठें ॲल्युमिनियमच्या जागीं मॅग्नेशियम बसलेलें असतें, त्यामुळें थरांवर थोडा ऋणभार राहतो. तो फेडण्यास कॅल्शियम, सोडियम वगैरे धनभारित अणु सांदींत येतात, पण ते सैल असतात आणि येतांना पाणी घेऊन येतात. मग थर दूर सरतात व माती फुगते. पाणी गेलें कीं मिटते व रान फाटतें. आमची भिंत याच उघडमिटींत गेली.

एक थर इतका पातळ कीं, असे सुमारें १० लक्ष रचावे तेव्हां १ मिलिमीटर जाडी भरते. १ ग्रॅम शुद्ध माँटमोरिलोनाइटाचे सारे थर उलगडून पसरले, तर ७ ते ८ गुंठे क्षेत्र भरेल. केओलिनाइटाचें क्षेत्र गुंठ्याच्या पांचव्या हिश्श्याहून सहसा अधिक भरत नाहीं. (क्षेत्र काढण्याची आमची जुनी खोड जात नाहीं, वाचकांनीं क्षमा करावी.) काळी जमीन ओल व खत धरून ठेवते, तें एवढ्या पृष्ठभागामुळें आणि त्यावरील भारामुळें.

आतां ज्या कारणास्तव लेखणी हातीं घेतली तें सांगतों. सांदींत कॅल्शियम असतां त्याचा भार दुहेरी असल्यानें थर बेतानेंच दूर होतात आणि कण एकमेकांस धरून राहतात. माती कणीदार होते. सोडियमचा भार एकेरी, त्याची पकड ढिली. तो शिरला कीं थर पार सुटतात, बारीक कण पाण्यांत पसरतात व मातीचीं छिद्रें बुजवितात. पाणी वरच तुंबतें आणि वाळल्यावर वीट होते. यालाच आपण चोपण म्हणतों. नीरा डाव्या कालव्याचें पाणी १८८५ सालीं सुरू झालें, आणि १९१० मध्येंच डॉ. मॅन व तम्हाणे यांस नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. अति पाण्यानें भूजल वर येतें, उन्हानें आटतें, कॅल्शियम आधीं चुनखडी होऊन बसतें व सोडियम मागें उरतें.

आमच्या ओढ्याकडील तुकड्याचें असेंच झालें. दोष आमच्या उसाच्या हव्यासाचा. त्यावर एका व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून आम्ही चुनखडीची भुकटी पसरली. पैसे गेले, गुण कांहीं आला नाहीं. चुनखडींतहि कॅल्शियम आहे खरें, परंतु तें कार्बोनेटाशीं असें बांधलेलें असतें कीं चोपण पाण्यांत सुटतच नाहीं. जिप्सम लिटरभर पाण्यांत २ ग्रॅमांहून अधिक विरतो. शुद्ध पाण्यांत चुनखडी त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीहि विरत नाहीं. जमिनींत मूळचीच चुनखडी असेल तर गंधकहि चालतो, कारण मातींतील जंतु त्याचें आम्ल करतात व तें चुनखडी विरघळवितें.

खात्री करावयाची असेल तर दोन कांचेच्या भांड्यांत पावसाचें पाणी घेऊन चोपण माती ढवळावी व एकांत चिमूटभर जिप्सम टाकावा. त्यांतील माती लवकर खालीं बसेल, दुसरें भांडें दिवसेंदिवस गढूळच राहील. शेतांत किती टाकावा हें मात्र माती तपासूनच ठरवावें. आणि चर आधीं खणावे. कारण सुटलेलें सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेलें नाहीं तर उन्हाळ्यांत पुन्हां वर येतें. आम्हीं पहिल्या वर्षीं चराचा खर्च टाळला आणि जिप्सम फुकट गेला. दुसऱ्या वर्षीं चर काढून पुन्हां टाकला, तेव्हां वरच्या अंगास ज्वारी धरली. खालच्या बांधालगतचा पट्टा अद्याप पांढराच आहे. तेथें यंदा चर हातभर खोल करीत आहों.