रंग मारायच्या आधी घराची एक फेरी मारा



बागेत छाटणीची गडबड आहे, मका सोंगणीला आलीय, कुणाला बोलायला वेळ नाही हे माहीत आहे. आजचा मेसेज फवारणीचा नाही की भावाचाही नाही, घराचा आहे. दिवाळीचा रंग मारायच्या आधी अर्धा तास काढा. एकदा चुना नाहीतर डिस्टेंपर बसला की भेगही झाकते अन् ओलही. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही दिसत नाही.

आपल्या निफाड तालुक्यात पारा किती खाली जातो ते वेगळं सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतोच. बागेसाठी आपण पहाटे उठून शेकोट्या करतो, पाणी सोडतो. घरात मात्र एकच उपाय, दारं-खिडक्या गच्च लावून घ्यायच्या. उघड्या घरात जे खपून जातं तेच बंद घरात जिवावर बेततं, म्हणून फेरीची सुरुवात न्हाणीघरापासून करा.

गॅस गिझर कुठं बसवलाय ते बघा. तो न्हाणीच्या आतच असेल तर बाहेरच्या भिंतीला लावून घ्या, आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. खर्च फार नाही. तोवर पाणी बादलीत काढायचं, गिझर बंद करायचा आणि मगच अंघोळीला बसायचं. एकामागून एक चार जणांच्या अंघोळी दार लावून करू नका, मध्ये हवा खेळू द्या. गार वारा येतो म्हणून झरोक्याला पोतं किंवा थर्माकोल कोंबलं असेल तर आजच काढा. ज्योत निळी पाहिजे. पिवळी दिसत असेल किंवा गिझरच्या वरच्या बाजूला काजळी धरली असेल तर साफ केल्याशिवाय वापरू नका.

याचं कारण नीट समजून घ्या. हवा कमी पडली की गॅस असो, कोळसा असो, लाकूड असो, जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला ना वास, ना रंग, ना डोळ्यांची चुरचुर. तो रक्तात ऑक्सिजनची जागा धरतो अन् लवकर सोडत नाही. आधी डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं. माणसाला वाटतं पित्त झालं, आणि तो तिथंच बसून राहतो. न्हाणीतून कुणी हाकेला ओ देत नसेल तर वाट बघू नका, दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि १०८ ला फोन लावा.

शेगडीचंही तेच आहे. निखारे लाल दिसतात, धूर नाही, म्हणून घमेलं खोलीत घेऊन झोपायचं नाही. धूर नसला तरी वायू असतो. बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायचा तर दार किलकिलं ठेवा अन् झोपायच्या आधी शेगडी बाहेर काढा. म्हाताऱ्या माणसांना हे पटत नाही, "आम्ही जन्मभर असंच केलं" म्हणतात. तेव्हा घरं कुडाची अन् कौलाची होती, फटीतून हवा यायची. आता स्लॅब आहे आणि स्लायडिंगच्या खिडक्या आहेत.

स्वयंपाकघरात गॅसच्या नळीवरची तारीख वाचा. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, उंदरानं कुरतडली असेल तर आजच. गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे.

आता वीज. पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा असेल तर साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे टीव्हीच्या बोर्डावर तो लावायचा नाही. १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर पाहिजे. पाणी तापलं का ते बोट घालून बघायची सवय असेल तर आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग बोट. लोखंडी बादली नकोच. फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग गेलंय असं समजा. पावसाळा सरला की खड्ड्यातली माती कोरडी पडते अन् अर्थिंग कमजोर होतं, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. एमसीबी वायर वाचवते. माणूस वाचवते ती आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते दाबून बघा. खटका पडला नाही तर ती निकामी आहे. मीटर किंवा सर्व्हिस वायरला स्वतः हात लावू नका, १९१२ ला कळवा.

भिंतींकडे या. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि आता आकसायला लागते, त्यामुळं दिवाळीनंतर भेगा वाढतात. प्लास्टरवरच्या केसासारख्या भेगा सोडून द्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, आतून-बाहेरून दोन्हीकडं दिसणारी भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा. महिन्यात खूण ओलांडली, किंवा पेन्सिल आत जाईल एवढी रुंद झाली, तर नुसतं पुट्टी भरणाऱ्याला नको, इंजिनिअरला दाखवा. न्हाणीचं पाणी पायाशी मुरत असेल तर आधी ते लांब काढा, नाहीतर भरलेली भेग परत उघडणार.

ओलीचं एक सोपं आहे. डाग असलेल्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतच आहे, रंग टिकणार नाही, आधी गळती शोधा. वरच्या बाजूला थेंब असतील तर तो खोलीतला दमटपणा आहे. पत्र्याच्या घरात पहाटे टपटप होतं तेही बहुतेक असंच. पत्र्याला घाम सुटतो, त्याला डांबर लावून उपयोग नाही, वरून हवा जायला वाट ठेवा.

छाटणीच्या काड्या अन् सरपण भिंतीला टेकून रचू नका, उंदीर येतात आणि त्यांच्यामागं साप. हायड्रोजन सायनामाइडचा उरलेला कॅन किंवा दुसरी औषधं निजायच्या खोलीत नकोत.

शेवटचं, मळ्यातली खोली. पेठ-सुरगाण्याकडची मंडळी कामाला येतात तेव्हा ती पत्र्याच्या खोलीत राहतात, गारठ्यात आतच चूल पेटवतात, लेकरं सोबत असतात. दाराखाली फट आणि वर झरोका आहे का ते मालकानं स्वतः जाऊन बघावं, पांघरुणं द्यावीत, आणि शेगडीचा हा भाग त्यांना वाचून दाखवावा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर हा मेसेज येत नाही.