संकटात विधानसभा बंद पडते का?

पालकहो, साथ किंवा युद्ध आलं तर सरकार थांबतं का, असं मुलं विचारतात. उत्तर आहे, नाही. राज्यघटनेच्या कलम १७४ नुसार विधिमंडळाच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये.

कोरोनामुळे २०२० चं अर्थसंकल्पी अधिवेशन १४ मार्चला आटोपतं घेतलं. म्हणून साथ जोरात असतानाही ७ आणि ८ सप्टेंबरला मुंबईत दोन दिवसांचं अधिवेशन भरवावंच लागलं.

मधल्या काळात राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. पण अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही, तर तो संपतो.

आपल्या आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्याला हे महत्त्वाचं. टँकरवर सरकारनं तातडीनं खर्च केला, तरी त्याला सभागृहाची मंजुरी लागतेच. हिशोब विचारायची जागाही तीच.