दवणा आणि नागदवणा

चैत्र लागला की नाशिकच्या फुलबाजारात दवण्याच्या जुड्या दिसू लागतात. देवाला वाहिला जाणारा हा दवणाच भावप्रकाशाच्या पुष्पवर्गातील दमनक होय. तो तिक्त, कषाय व सुगंधी असून कंडू, कुष्ठ यांवर सांगितला आहे. त्याचे उडनशील तेल क्वाथात टिकत नाही. म्हणून आम्ही फांटच योजतो. चूर्णावर चौपट उकळते पाणी ओतून भांडे झाकावे व गाळून कोमट द्यावे. झाकण विसरल्यास उरते ते कडू पाणी!

नागदवणा त्याचाच सगोत्र, पण निराळा. कोरियातील ‘सुक’ त्याच्या अधिक जवळची. दवण्याचे रोप लहान, पाने राखाडी व बारीक चिरलेली. नागदवणा उंच वाढतो, पानांची खालची बाजू पांढुरकी व लवदार असते. नागदवणा आर्तवजनन असल्याने गर्भिणीस सर्वथा वर्ज्य. आम्ही दवणाही देत नाही. नागदवण्याच्या तेलात थुजोन असू शकते, म्हणून अपस्माराच्या रुग्णासही तो टाळावा.

आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : गाजरगवताने अंगावर पुरळ उठते काय? दोन्ही वनस्पती त्याच कुळातील आहेत. अशा रुग्णात कंडूघ्न म्हणून दिलेला दवणाच कंडू वाढवू शकतो.