परागाचा प्रवास : ऊन, वारा आणि आपला श्वास



मराठीच्या प्राध्यापकाने परागकणांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या विषयाकडे मला वनस्पतिशास्त्राने नव्हे, तर एका जुन्या चुकीने नेले. महाविद्यालयात रुजू होण्यापूर्वी काही वर्षे मी शाळेत शिकवीत असे. माझ्या वर्गातील एक मुलगा माघ सरता सरता शिंकू लागे, फाल्गुनात त्याला धाप लागे आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर तो गैरहजर राही. हा अभ्यास टाळण्याचा बहाणा आहे, असे समजून मी त्याला भर वर्गात बोललो. तो बसे ती खिडकी एका जुन्या वावळाकडे उघडत असे. त्या दोन गोष्टींत काही संबंध असू शकेल, हे कळण्यास मला अनेक वर्षे लागली.

‘पराग’ हा शब्द आपल्याला काव्याने दिला. कमळ, भ्रमर आणि सुगंध यांच्या संगतीत तो आपल्या कानांवर आला. परंतु ज्या वृक्षांचा पराग माणसाच्या श्वासात शिरतो, त्यांच्याकडे भ्रमर सहसा फिरकत नाही. त्यांच्या फुलांना ना रंग, ना गंध. त्यांचा सारा भरवसा वाऱ्यावर. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील सुरू हा असाच वृक्ष. आपल्या माळव्यातील वावळ, ज्याला येथे हिंदीत चिलबिल म्हणतात, तोही याच कुळीचा. पानगळीनंतर उघड्या फांद्यांवर त्याला बारीक हिरवट फुलांचे झुबके येतात. पाने नसतात तेव्हाच फुलण्यात मोठे शहाणपण आहे, कारण वाऱ्यावर निघालेल्या परागाला वाटेत पानांचा अडसर राहत नाही. मागाहून येणाऱ्या पापडीसारख्या चपट्या फळांकडे सर्वांचे लक्ष जाते. त्या फुलांकडे मात्र कोणी पाहत नाही.

आता हवामान यात नेमके काय करते ते पाहू. पुंकेसराच्या टोकाशी परागकोश असतो. तो पक्व झाला तरी आपोआप उघडत नाही. त्याची भिंत सुकावी लागते. उन्हात घातलेला पापड जसा कडांनी वळतो, तशी ही भिंत सुकताना असमान आक्रसते, ताण पडून ती उकलते आणि आतले कण मोकळे होतात. म्हणून पहाटेच्या दवात कोश मिटलेले राहतात. ऊन चढले, हवेतील ओलावा घटला की ते उघडतात. वायुपरागित वृक्षांच्या आसपास सकाळच्या उत्तरार्धापासून दुपारपर्यंत पराग अधिक आढळतो, त्याचे हे कारण.

पुढचे काम वाऱ्याचे. हे कण साधारणतः २० ते ४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या दोन ते चार पट आकाराचे असतात. बहुतेक कण झाडाच्या आसपासच पडतात. परंतु तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा काही कणांना उंच नेते आणि मग त्यांना सीमा उरत नाही. भूर्ज वृक्षाचा पराग दक्षिणेकडून शेकडो किलोमीटर प्रवास करून फिनलंडमध्ये पोहोचतो. तेथील भूर्ज तेव्हा फुललेलेही नसतात. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅक्ली यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या उंचीचा पुरावा दिला. ते स्वतः या व्याधीने त्रस्त होते. चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या पतंगाला बांधून त्यांनी त्या आकाशात सोडल्या, तेव्हा जमिनीलगतच्यापेक्षा अधिक कण त्यांना उंचावर सापडले. संध्याकाळी हवा निवली की वर गेलेले कण पुन्हा खाली उतरू लागतात.

पाऊस हवा धुऊन काढतो, हे खरे. पण पावसाळी दिवशी मिटून राहिलेले कोश पुढच्या कोरड्या, उन्हाच्या, वाऱ्याच्या दिवशी एकदम उकलतात. तो दिवस अधिक त्रासाचा. गडगडाटी वादळ तर उलटेच करते. त्यातील थंड हवेचा झोत वरचे कण जमिनीलगत आणतो आणि ओलाव्याने फुगून कण फुटतात. अखंड कण बहुधा नाकाघशातच अडतो, त्याचे तुकडे मात्र फुप्फुसात खोल जातात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात असेच वादळ आले. पराग तेथे वृक्षांचा नव्हता, राय गवताचा होता. पण त्या संध्याकाळनंतर हजारो लोकांना रुग्णालय गाठावे लागले आणि दहा जण दगावले.

हवामानाचा हिशेब केवळ त्या दिवसापुरता नसतो. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडासाठी सुगी नावाच्या वृक्षाची अफाट लागवड झाली. सुगीच्या नर-फुलांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात धरतात. तो उन्हाळा कडक व लख्ख गेला, तर पुढल्या वसंतात पराग उदंड. म्हणून तेथे कित्येक महिने आधी अंदाज वर्तविता येतो. २०१९ साली तेथील कान-नाक-घसातज्ज्ञ व त्यांचे कुटुंबीय यांच्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३९ टक्के लोकांना सुगीच्या परागाचा त्रास असल्याचे आढळले. २०२३ साली सरकारने सुगीची लागवड दहा वर्षांत सुमारे २० टक्क्यांनी घटविण्याचे ठरविले. वृक्ष लावणे पुण्याचे खरे. पण कोणता वृक्ष, कोठे आणि किती, हा विचारही त्याच पुण्याचा भाग आहे.

आणि ऋतूच आता जागेवर राहिलेले नाहीत. उत्तर अमेरिकेतील ६० केंद्रांच्या १९९० ते २०१८ या काळातील नोंदी तपासणारा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार परागाचा हंगाम सुमारे वीस दिवस आधी सुरू होऊ लागला असून परागाचे प्रमाण २१ टक्क्यांनी वाढले आहे.

याचा अर्थ वावळ तोडावा, असा मुळीच नाही. तो सावली देतो, पाखरांना थारा देतो. मात्र शाळेने काही गोष्टी सहज कराव्यात. फुलोऱ्याच्या दिवसांत धाप लागणाऱ्या मुलाला झाडापासून दूरची जागा द्यावी. कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी त्याला मैदानावर धावावयास लावू नये. पालकांना बोलावून डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. आणि सर्वांत आधी त्याचे म्हणणे खरे मानावे.

त्या मुलाला वावळाचाच त्रास होता, असे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. तशी तपासणी कोणी केली नव्हती. परंतु तो खोटे बोलत नव्हता, एवढे आता मला ठाऊक आहे. तो पुढे कोठे गेला, हे मला कळले नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मुलाला रागे भरण्यापूर्वी त्याला जवळ बोलावून घेत आणि काय झाले ते विचारीत. मी त्या दिवशी एवढेच केले असते तरी पुरे होते.