देवापुढील नाट्य आणि महामारी

हाँगकाँगनजीक चेउंग चाऊ नांवाचें कोळ्यांचें एक चिमुकलें बेट आहे. तेथें पाक ताइ देवाच्या वार्षिक उत्सवांत बांबूचा प्रचंड मांडव घालून कँटनी संगीत नाटकें होतात. अशा मांडवांत रंगपीठाचें तोंड बहुधा देवाकडे असतें; मुख्य प्रेक्षक तोच, माणसें केवळ त्याच्या पंक्तीस बसलेलीं! नटानें हातीं चाबूक धरिला कीं तो घोड्यावर बसला, असें जाणावें. वादकांची दृष्टि नटावर खिळलेली असते. कारण तो वळला वा थबकला कीं त्याच क्षणीं ढोलझांजांनीं साथ दिलीच पाहिजे.

महामारी हटावी म्हणून हा उत्सव सुरू झाला, अशी तेथील आख्यायिका आहे. त्या प्रदेशास महामारी अपरिचित नव्हती. १८९४ सालीं हाँगकाँगांत प्लेगानें हाहाकार उडविला. तीच सांथ १८९६ सालीं मुंबईस पोंचली.

पुढें २०२० च्या जानेवारीअखेर करोनाच्या सांथीमुळें हाँगकाँगांतील सरकारी नाट्यगृहें बंद झालीं, आणि मार्चअखेर चौघांहून अधिक जणांनीं सार्वजनिक ठिकाणीं जमूं नये, असा निर्बंध आला. रोग घालविण्यासाठीं ज्या देवापुढें नाटकें करावयाचीं, त्याच्यापुढें रोगाच्याच भयानें जमतां येईना! असल्या देवकार्याच्या खेळांवर पुष्कळ नाटकमंडळ्यांचा चरितार्थ चालतो. त्यांची अवस्था काय झाली असेल, हें सांगावयास नको. कित्येक नटांनीं रिकाम्या सभागृहांत कॅमेऱ्यापुढें प्रयोग केले. त्यांत गाणें ऐकूं येई खरें. पण मांडव, गर्दी आणि समोरचा देव कोठून आणावा? चेउंग चाऊची मिरवणूक तीन वर्षें खंडित राहून २०२३ सालीं पुन्हां निघाली.